धारवाडी खडक आणि विज्ञानाची विचारपद्धती



अळणावरच्या परिसरात तांबडी माती आणि ठिकठिकाणी जांभा दिसतो. तेथून उत्तरेस बेळगावकडे गेले की काळा कातळ लागतो. हा काळा कातळ म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून वर आलेला व थिजलेला लाव्हारस होय. अळणावरच्या मातीखालचे खडक मात्र त्याहून कितीतरी प्राचीन आहेत. जगातील भूवैज्ञानिक त्या खडकांच्या कुळास ‘धारवाडी’ या नावाने ओळखतात.

हे नाव रॉबर्ट ब्रूस फूट यांनी दिले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात ते १८५८ साली रुजू झाले. दक्षिण महाराष्ट्र प्रदेशाच्या भूरचनेवरील त्यांचा ग्रंथ १८७६ साली निघाला. त्या वेळी त्यांनी येथील पापुद्र्यांसारखे सुटणारे खडक, म्हणजे सुभाजा, आणि पट्टेदार ग्रॅनाइटसारखे खडक, म्हणजे पट्टिताश्म, एकाच गटात धरले होते. अधिक पाहणीनंतर, १८८६ च्या सुमारास, त्यांनी स्वतःचेच वर्गीकरण बदलले आणि सुभाजा वेगळ्या काढून त्यांस धारवाडी हे नाव दिले. हा केवळ नावाचा प्रश्न नव्हता. कोलार, हट्टी व गदग येथील सोने अशाच सुभाजांच्या पट्ट्यांत सापडते. म्हणून सोने कोठे शोधावे, याचे उत्तर या वर्गीकरणावर अवलंबून होते.

यानंतर वाद निर्माण झाला. सुभाजा पट्टिताश्मांवर नंतर साचल्या, असे फूट यांचे मत होते. म्हैसूर संस्थानाच्या भूविज्ञान खात्याचे प्रमुख डब्ल्यू. एफ. स्मीथ यांनी उलट मत मांडले : सुभाजाच आधीच्या असून पट्टिताश्म त्यांच्यात मागाहून घुसले.

असा वाद अधिकाराने नव्हे, तर पुराव्याने मिटतो. एका खडकाची शीर दुसऱ्या खडकास भेदून गेली असेल, तर भेदला गेलेला खडक आधीचा. एका थरात दुसऱ्या खडकाचे गोटे अडकलेले असतील, तर ज्याचे गोटे झाले तो खडक आधीचा. ही कसोटी गावातील विहिरीच्या खोदाईतही लावता येते.

कर्नाटकात दोन्ही प्रकारचे पुरावे मिळाले. काही ठिकाणी पट्टिताश्म सुभाजांत घुसलेले आढळले. चिकमगळूर जिल्ह्यात मात्र ग्रॅनाइट व पट्टिताश्मांचे गोटे धारवाडी थरांत सापडले. मग कोणाचे खरे? उलगडा असा झाला की, सुभाजांच्या पिढ्याच दोन होत्या. सरगूर गटातील जुन्या सुभाजा ३०० कोटी वर्षांहून प्राचीन आहेत. धारवाडी थर सुमारे २९० ते २६० कोटी वर्षांपूर्वी बनले. स्वामीनाथ व रामकृष्णन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ही विभागणी सविस्तर मांडली. किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या ऱ्हासावरून काढलेल्या वयांनीही तिला दुजोरा दिला.

दोन्ही पक्षांचे निरीक्षण खरे होते. अपुरा होता तो निष्कर्ष. फूट यांनी आपले मत बदलले, यात त्यांचा कमीपणा नाही. तेथेच त्यांची शास्त्रीय वृत्ती दिसते. विद्यार्थ्याने खडक हाती घेताना तो कोठे सापडला याची नोंद करावी, ताजा फोडलेला पृष्ठभाग पाहावा, अनुमान लिहावे. आणि कोणता पुरावा मिळाल्यास हे अनुमान सोडावे लागेल, तेही त्याखाली लिहून ठेवावे. विज्ञानाचा आरंभ या शेवटच्या ओळीपासून होतो.