चौलचा पूर्वेतिहास आणि दात्यांची नोंद



चौल बंदराची जुनी हकिकत सांगणारे ग्रंथ बहुतांशी परक्या प्रवाशांचे आहेत. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात ते 'सेमुल्ला' या नावाने येते. दहाव्या शतकाच्या आरंभी आलेल्या अरब प्रवासी मसूदीने त्यास 'सैमूर' म्हटले. पंधराव्या शतकात रशियन व्यापारी अफनासी निकितीन घोडा घेऊन चौलास उतरला व त्याने प्रवासवर्णन लिहिले. पुढे गोव्यात जन्मलेल्या डॉ. गर्सन द कुन्हा यांनी १८७६ साली चौल व वसईच्या इतिहासावर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले.

मग गावच्या माणसाची साक्ष कोठेच नाही काय? आहे. ती कागदावर नसून कातळावर आहे. कान्हेरीच्या लेण्यांत 'चेमुल' म्हणजे चौल येथील एका सोनाराने पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद कोरलेली आहे. 'पेरिप्लस' लिहिणाऱ्याचे नाव आज कोणास ठाऊक नाही. त्या सोनाराचे नाव गावासह शिल्लक आहे.

जीर्णोद्धारात नेमक्या अशाच नोंदी नाहीशा होतात. अक्षरांचा दगड जोत्यात गडप होतो, जुन्या वहीस वाळवी लागते. तरी दगड फोडण्यापूर्वी त्यावरील अक्षरे जाणकारास दाखवावीत. हजार रुपये देणाऱ्याचे तसेच डोक्यावर घमेले वाहणाऱ्याचे नाव तारखेसह वहीत लिहावे. उद्या गावचा इतिहास लिहिणाऱ्यास तोच आधार राहील. समस्त ग्रामस्थांस ही नम्र विनंती.