पाट्या रंगविणाऱ्यांच्या बैठकी



कारागिरांविषयी चार शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली आहे. 1975 साली अमेरिकेतील डेन्व्हर शहरी दुकानांच्या पाट्या रंगविणारे सात तरुण पेंटर एकत्र जमू लागले. मार्क ओटिस व नोएल वेबर हे त्यांपैकीच. ही मंडळी स्वतःस ‘लेटरहेड्स’ म्हणवीत.

जुने उस्ताद आपल्या युक्त्या सहसा कोणास सांगत नसत. आपल्याकडे तरी काय निराळे होते? काचेवरील सोन्याच्या वर्खाचेच पाहा. किंचित जिलेटिन गरम पाण्यात विरघळवून काचेच्या आतील अंगास लावावयाचे. चपटा मऊ कुंचला गालावरून फिरवावयाचा, म्हणजे त्वचेच्या तेलाने वर्ख त्यास चिकटतो. ओल्या काचेजवळ नेताच काच तो ओढून घेते. वाळल्यावर त्यामागे अक्षरे उलटी रंगवावयाची व उरलेला वर्ख धुऊन काढावयाचा. जिलेटिन अधिक झाले की झळाळी गेलीच! अशी विद्या पोटासाठी झाकून ठेवणाऱ्यास मी दोष देणार नाही. लेटरहेड्सनी मात्र ज्याला जे येते ते त्याने सर्वांपुढे करून दाखवावे, अशी रीत पाडली.

1980 नंतर व्हिनाइलची अक्षरे कापणारी संगणकयंत्रे आली आणि कित्येकांचे कुंचले खुंटीस लागले. तरीही लेटरहेड्सचे मेळे पुढे देशोदेशी भरले. 2012 सालच्या ‘साइन पेंटर्स’ या ग्रंथात कारागिरांच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत आहेत.

आपल्याकडे फ्लेक्सने तेच केले. येथील जुन्या पेंटरांची अशी बैठक कोणी भरवील, तर खुर्च्या मांडावयास मी येईन.