भाड्यासाठी फ्लॅट घेताना
भिसेगावात राहून ठाण्या-मुंबईत भाड्यासाठी फ्लॅट घ्यायचा विचार आहे? मग वर्षाच्या भाड्यातून देखभाल, घरपट्टी आणि रिकामा जाणारा एखादा महिना आधी वजा करा. मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो म्हणून सोसायटी बिनभोगवटा शुल्कही लावते, पण ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंतच.

आणि करार! 11 महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज फार घातक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार लेखी करार आणि नोंदणी बंधनकारक आहे, जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल, तर वादात उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. नोंदणी आता ऑनलाइनही होते.

फ्लॅट पाहायला शक्यतो भर पावसात लोकल पकडून जा. भिंतीतली ओल तेव्हाच दिसते.