औषधाचा दाखला
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



शाळेत नवा विद्यार्थी आला म्हणजे आम्ही प्रथम त्याचा दाखला मागत असू. तो कोठून आला, हे जनरल रजिस्टरात नोंदविल्यावाचून त्याला वर्गात बसविता येत नसे. परंतु जी गोळी आपण विश्वासाने पोटात घेतो, तिचा दाखला मागण्याचे आपणांस सुचत नाही.

हा दोष प्रथम आमचाच. आमच्या वडील भगिनींसाठी रक्तदाबाच्या गोळ्या चार पैसे वाचविण्याच्या मोहाने आम्ही बिलावाचून आणीत असू. रक्तदाब उतरेना. डॉक्टरांनी पाकीट पाहावयास मागितले, तेव्हा बॅच क्रमांकाचा भाग कापला गेलेला आणि बिल तर नव्हतेच. ती गोळी बनावट होती असे आम्ही म्हणू शकत नाही. नव्हती असेही म्हणू शकत नाही. पुरावा आम्हीच गमावला होता.

१९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकोल हे विष असलेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. वस्तू हातोहात पुढे जाते आणि तिची खात्री कोणीच करीत नाही, तेथे असा अनर्थ घडतो.

यावर सरकारने एक उपाय योजला आहे. २०२२ साली औषध नियमांत दुरुस्ती होऊन, १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० प्रमुख ब्रँडांच्या औषधांवर बारकोड अथवा क्यू आर कोड छापणे बंधनकारक झाले. त्यात औषधाचे व उत्पादकाचे नाव, पत्ता, बॅच क्रमांक, उत्पादनाची व मुदत संपण्याची तारीख आणि परवाना क्रमांक असतो. हा झाला जन्माचा दाखला. प्रवासाची नोंद नव्हे. शिवाय छापलेल्या खुणेची नक्कल करता येते. युरोपीय संघात फेब्रुवारी २०१९ पासून डॉक्टरी चिठ्ठीवरील बहुतेक औषधांच्या प्रत्येक खोक्यास स्वतंत्र क्रमांक असतो. औषध देताना विक्रेता तो पडताळून नोंदीतून बाद करतो. तोच क्रमांक पुन्हा पुढे आला की नक्कल उघडी पडते. आपल्याकडेही असेच व्हावे.

तोवर आपले कर्तव्य काय? बिल अवश्य घ्यावे. त्यावरील बॅच क्रमांक पाकिटाशी ताडून पाहावा. सुट्या गोळ्या घेताना क्रमांकाची बाजू मागून घ्यावी. रिकाम्या बाटल्यांची लेबले फाडूनच त्या टाकाव्यात. संशय आल्यास औषध फेकून न देता बिलासह अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करावी.

शेवटी घरचीच एक गोष्ट. आपल्या मंडळाच्या औषधपेटीत कोणीही उरलेली औषधे आणून टाकतो व ती गरजू बांधवांना दिली जातात. हेतू थोर, पण गरिबाच्या पदरात निनावी गोळी टाकणे हे दान नव्हे. ही प्रथा बंद करून, मंडळाने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर बिलासह औषध विकत घेऊन द्यावे, अशी आमची सूचना आहे. त्याचे रजिस्टर ठेवण्यास आम्ही सिद्ध आहोत. त्या कामाची आम्हांस सवय आहे.