चित्रनळीची जपणूक
(बुऱ्हाणपूर येथे ग्रामस्थ व शिक्षक यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा सारांश)



बुऱ्हाणपूर हे यंत्रमागांचे गाव. मागावर धोटा आडवा धावतो व विणलेले कापड पुढे सरकत जाते, म्हणून प्रत्येक धागा आपल्या जागी बसतो. कापड सरकणेच थांबले, तर सारे धागे एकाच ठिकाणी कोंबले जातील. जुन्या, चित्रनळीच्या दूरचित्रवाणी संचातही असेच विणकाम चालते.

नळीच्या मानेतून निघालेला इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्याच्या आतील लेपावर आदळतो व लेप उजळतो. मानेभोवतीची तारेची वेटोळी हा झोत आडवा आणि वरून खाली फिरवितात. आपल्या पद्धतीत ६२५ रेषांचे एक चित्र व सेकंदास अशी २५ चित्रे असत. झोत फिरता असल्यामुळे त्याची उष्णता एका जागी साचत नाही.

आडवी गती बंद पडल्यास बहुतेक संचांत उच्च दाबाची वीजही नाहीशी होते, कारण ती त्याच भागातून मिळते; पडदा काळा होतो व नळी वाचते. परंतु उभी गती थांबली, तर साऱ्या रेषा एकाच जागी पडून पडद्याच्या मध्यावर लखलखीत आडवी रेघ उमटते. अशा वेळी झोत तोडणारी योजना काही संचांत असते, सर्वांत नसते. रेघ तशीच राहू दिल्यास लेप जळतो व तो डाग पुन्हा निघत नाही.

१९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचली. मध्य प्रदेश त्यांत होता. एका संचापुढे सारे गाव बसे. आज तशी नवी नळी मिळणे दुरापास्त आहे. म्हणून जेथे असा संच अद्याप चालू असेल, तेथे एवढे करावे : रेघ वा ठिपका दिसताच ब्राइटनेस कमी करावा, संच बंद करून प्लग काढावा आणि जाणकार कारागिरास बोलवावे. मागील झाकण स्वतः उघडू नये. संच बंद केल्यावरही नळीत प्राणघातक दाबाची वीज साठून राहू शकते.

निकामी नळी फोडूही नये. तिच्या काचेत शिसे असते. ती अधिकृत ई-कचरा केंद्राकडेच द्यावी. शिक्षकांनी ही गोष्ट विद्यार्थ्यांमार्फत घरोघरी पोहोचवावी, ही विनंती.