गिअर उतरवता आला पाहिजे

(परभणीतील तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला ‘लायसन्स आणि रोजगार’ या विषयावर बोलायला सांगितलंय. मी गाडी शिकवणारा माणूस. त्यामुळे भाषण कमी आणि गाडी जास्त, असं होईल. चालवून घ्या.

शिकायला आलेला प्रत्येक जण पहिल्याच आठवड्यात विचारतो, “सर, चौथा गिअर कधी?” तिसऱ्यावरून दुसऱ्यावर कसं यायचं, हे कुणी विचारत नाही. आणि परीक्षेच्या दिवशी गाडी झटके खाते ती नेमकी तिथं.

ही साहेबांची मर्जी नाही, कायदा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १५ काढून वाचा. परीक्षेत काय बघायचं, त्याची यादीच तिथं दिली आहे. रहदारी पाहून वरच्या गिअरवरून चटकन खाली येता येतं का, उतारावर खालचा गिअर टाकता येतो का, चढावर थांबवलेली गाडी मागे न घसरू देता पुन्हा उचलता येते का, हे सगळं त्यात आहे.

आता झटका का बसतो, ते समजून घ्या. समजा गाडी तिसऱ्या गिअरमध्ये तीसच्या वेगानं चालली आहे. त्याच वेगात दुसरा गिअर टाकला, तर इंजिनला साधारण दीडपट वेगानं फिरावं लागतं. तुम्ही क्लच फाडकन सोडला, की चाकं इंजिनला ओढतात आणि गाडी मान टाकते. दोष गिअरचा नसतो, घाईचा असतो.

म्हणून क्रम पाठ करा. आधी आरसा. मग ब्रेकनं वेग कमी करा. दुसऱ्यासाठी वीसच्या आसपास. मग क्लच पूर्ण दाबा. गिअरचा दांडा तळहातानं, जोर न लावता, न्यूट्रलमधून दुसऱ्यात न्या. क्लच हळू सोडत आणा. गाडी पकडते ती जागा पायाला कळते, तिथं क्षणभर थांबा, जरूर वाटली तर किंचित रेस द्या, आणि मग पाय पूर्ण काढा. पाय क्लचवर ठेवून फिरू नका.

एक सवय आजच मोडा. वळण दिसलं की आधी क्लच दाबायचा आणि गाडी तशीच घरंगळत न्यायची. क्लच दाबला की इंजिनचा लगाम सुटतो, सगळा भार ब्रेकवर येतो. थांबायचं असेल तर आधी ब्रेक आणि अगदी शेवटी क्लच.

आपल्या परभणी शहराची अडचण अशी, की इथली जमीन सपाट. महिनाभर शिकलेल्या मुलाचा पाय उताराला लागलेलाच नसतो. मग जिंतूरकडच्या टेकड्यांत गेला की न्यूट्रल टाकून उतरतो. म्हणे पेट्रोल वाचतं. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये उतरताना इंधन आपोआप तोडतात, त्यामुळे वाचत काहीच नाही. उलट ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक ऐन वेळी धरत नाहीत. जुने ड्रायव्हर सांगतात ते ध्यानात ठेवा: ज्या गिअरमध्ये चढलात, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा.

सपाटीवरही सुटका नाही. पाथरी-मानवत रस्त्यावर हंगामात उसाच्या ट्रॉल्या असतात, अनेकींना मागे दिवा नसतो. उरुसाच्या दिवसांत तुराबुल हक दर्ग्याकडे पोरंबाळं घेऊन चाललेली माणसं रस्त्यावर असतात. तिथं वेळेत खाली उतरवलेला गिअरच कामाला येतो.

आता रोजगाराचं. आपल्यातली बरीच पोरं सातवी-आठवीत शाळा सोडून गॅरेजात, टेम्पोवर जातात. पूर्वी व्यावसायिक वाहनाच्या लायसन्सला आठवी पासची अट होती. २०१९ मध्ये ती काढली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठानं सांगितलं, की हलक्या मोटार वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतच्या एकूण वजनाचं मालवाहू किंवा प्रवासी वाहन चालवता येतं. रिक्षाचं परमिट, बॅज आणि धोकादायक मालाच्या अटी वेगळ्या, पण दार उघडलंय. त्या दारातून एजंटच्या खांद्यावर बसून जाऊ नका. पैसे देऊन कार्ड मिळेल, पायाला क्लच कळणार नाही.

अठराच्या आतल्या भावांनी घरी सांगा: अल्पवयीन मुलानं गुन्हा केला तर कलम १९९अ प्रमाणे पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. अब्बांची गाडी काढताना एवढं आठवलं तरी पुरे.

आणि मुलींनो, “भाईजान सोडतो ना, तुला कशाला पाहिजे?” हे तुम्ही ऐकलेलं असणार. सौदी अरबस्ताननंसुद्धा २४ जून २०१८ पासून बायकांना गाडी चालवायला मोकळीक दिली. आपल्या देशात तर कायद्यानं तुम्हाला कधी अडवलंच नव्हतं. अडवतो तो उंबरठा. रात्री अम्मीला दवाखान्यात न्यायची वेळ आली आणि भाईजान पुण्यात नोकरीला असला, तर? नर्स असाल, शिक्षिका असाल, जिंतूर-सेलूहून रोज ये-जा करत असाल, तर लायसन्स म्हणजे तुमच्या पगाराची हमी आहे.

लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं आणि तीस दिवसांनंतरच पक्की परीक्षा देता येते. ते तीस दिवस वाया घालवू नका. पुढे-मागे एल लावा, शेजारी लायसन्सवाला शिकवणारा बसवा, सकाळी मोकळ्या जागेत रोज वीस वेळा तिसऱ्यावरून दुसऱ्यावर या. नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा जाता येतं. त्यात लाज कसली?

प्रश्न असतील ते आता विचारा. मुलींनी आधी.