पाचशे तास

(महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला विषय दिला होता ‘ग्रामीण मुली आणि व्यवसाय शिक्षण’. एवढा मोठा विषय मला पेलणार नाही. मी औषधनिर्माणशास्त्राची पदविका घेतलेली, म्हणजे डी. फार्म. झालेली बाई. भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांतल्या मुलींशी माझा रोजचा संबंध. (वेल्ह्याचं नाव राजगड करायचं असं २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने ठरवलं, पण आमच्या तोंडी अजून वेल्हंच आहे.) तेव्हा मी फक्त पाचशे तासांबद्दल बोलणार आहे.

हे पाचशे तास कसले? डी. फार्म.ची दोन वर्षं झाली, परीक्षा दिली की विद्यार्थ्याला प्रत्यक्ष प्रशिक्षण घ्यावं लागतं. सरकारी रुग्णालयात किंवा परवाना असलेल्या औषध दुकानात. १९९१ च्या नियमावलीत ते किमान तीन महिने आणि पाचशे तास सांगितलं होतं, त्यातले निम्मे म्हणजे अडीचशे तास प्रत्यक्ष चिठ्ठीवरची औषधं देण्याचे. २०२० ची नवी नियमावली आली, तरी पाचशे तास कायम राहिले. पदवीच्या, म्हणजे बी. फार्म.च्या मुलींना सहाव्या सत्रानंतर चार आठवड्यांत दीडशे तास असतात. फार्म. डी.ला तर सहावं वर्ष पूर्ण रुग्णालयातच जातं. पण आपल्या भागातल्या बहुतेक मुली पदविकेला जातात, कारण दोन वर्षांत हातात कागद येतो.

आता हे तास पुरे कसे होतात ते ऐका. परीक्षा उन्हाळ्यात संपते. म्हणजे प्रशिक्षण येतं ऐन पावसाळ्यात, भातलावणीच्या दिवसांत. कानंद खोऱ्यातली किंवा हिरडस मावळातली मुलगी घ्या. सकाळी घरचं आवरून एस.टी. धरायची, नसरापूर नाहीतर भोर गाठायचं, आणि शेवटची गाडी चुकू नये म्हणून दुपार कलली की निघायचं. दिवसाला पाच तास हाती लागले तर शंभर दिवस होतात. मध्ये ओढ्याला पाणी आलं, गाडी आली नाही, घरी लावणीला माणूस कमी पडलं, तर सव्वाशेही होतील. या दिवसांचं विद्यावेतन मिळेलच असं नाही, बहुतेकींना मिळत नाही. जाण्यायेण्याचा खर्च बापाचा. दुकान लहान असेल तर लघवीला जायची सोय नाही. मुली दिवसभर पाणी पीत नाहीत. औषधाच्या दुकानात उभं राहून मूत्रमार्गाचा आजार ओढवून घ्यायचा!

अशा वेळी एखादा दुकानदार बापाला म्हणतो, “दादा, कशाला पोरीला रोज पाठवता? कागद आणा, सही मी करतो.” बापाला तो देव वाटतो. मुलगी लावणीला जाते, कागदावर पाचशे तास भरतात. मुलगेही असंच करतात, नाही असं नाही. पण मुलगा नंतर कुठेतरी काउंटरवर उभा राहून शिकून घेतो. मुलीचं बहुतेक वेळा तिथेच थांबतं.

पुढे राज्याच्या फार्मसी कौन्सिलमध्ये तिच्या नावाची नोंदणी होते. दुकानाच्या परवान्याला नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतोच. मग हे प्रमाणपत्र महिन्याच्या भाड्याने जातं. मुलगी घरी चुलीपुढे, तिचं नाव दुकानाच्या भिंतीवर फ्रेममध्ये, आणि गोळ्या देणारा बारावी नापास पुतण्या. लग्न ठरवतानाही विचारतात, “मुलगी फार्मसी झालीय ना?” तिने काम करावं म्हणून विचारतात असं समजू नका. दिराला मेडिकल टाकायचं असतं. दागिन्यांबरोबर प्रमाणपत्रही सासरी जातं. भाडं कोणाच्या खिशात जातं ते मी सांगायला नको.

२०१२ च्या सुमारास अन्न व औषध प्रशासनाने फार्मासिस्ट दुकानात हजर हवाच म्हणून मोहीम काढली, तेव्हा औषध विक्रेत्यांनी संप केले होते. कायदा मात्र जुनाच आहे. १९४८ च्या फार्मसी कायद्याचं कलम ४२ सांगतं की डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं. चुकीची गोळी गेली आणि कोणी दगावलं, तर चौकशीत पहिलं नाव कोणाचं निघेल? भिंतीवर ज्याचं आहे त्याचं. त्या बाईने तर ते दुकान आतून पाहिलेलंही नसतं.

काही कार्यकर्त्या मला म्हणाल्या, मुलींच्या अडचणी बघता त्यांना तासांत सूट मागू या. मला हे अजिबात पटत नाही. सूट म्हणजे त्याच खोट्या सहीला सरकारी शिक्का. आणि त्या पाचशे तासांत काय असतं, ते मी घेतलंय म्हणून सांगते.

माझे तास सरकारी रुग्णालयाच्या खिडकीमागे झाले. डॉक्टरचं अक्षर लावायला पुस्तक शिकवत नाही. सारख्या नावांच्या दोन गोळ्या, मुलाच्या वजनावर पातळ औषधाची मात्रा, ‘दिवसातून दोनदा’ म्हटल्यावर बाई दोन्ही गोळ्या एकदम घेते की नाही, हे समोर माणूस असल्याशिवाय कळत नाही. गरोदरपणी लोहाच्या एकशेऐंशी गोळ्या मिळतात. बायका त्या नेतात आणि गोठ्यात टाकतात. मी विचारलं तर म्हणाल्या, “शी काळी होते गं, पोटात काहीतरी सडतंय.” काळी होणं लोहामुळे असतं, घाबरायचं नाही, गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळेला, एवढं सांगायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं देणारं माणूस खिडकीत हवं.

आणि खिडकीत बाई असली की प्रश्न बदलतात. पुरुष असला तर चिठ्ठी पुढे सरकवून गप्प उभ्या राहतात. मला म्हणायच्या, “ताई, जरा बाजूला येता का?” अंगावरून पांढरं जातंय, मालकाला सांगितलं नाही. मांढरदेवीच्या यात्रेला जायचंय, पाळी पुढे ढकलायची गोळी हवीय. ही गोळी खरं तर चिठ्ठीवरच द्यायची, पण दुकानात चॉकलेटसारखी मिळते. पूर्वी कावीळ झाली होती का, पायाच्या शिरेत कधी गाठ झाली होती का, कोणी विचारत नाही. संप्रेरकांच्या बाबतीत आपली चळवळ काही आजची नाही. गरोदरपण तपासायला म्हणून सर्रास दिल्या जाणाऱ्या जास्त मात्रेच्या ई.पी. गोळ्यांवर १९८८ मध्ये बंदी आली, त्यामागे स्त्री संघटना आणि आरोग्य गटांची कित्येक वर्षांची झुंज होती. फार्मसीच्या मुलींना हा इतिहास ठाऊक नसतो. त्यांना तो आपणच सांगायचा.

गर्भपाताच्या गोळ्यांचंही तसंच. १९७१ च्या कायद्याने गर्भपात ठरावीक अटींवर कायदेशीर आहे. नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी करता येतो, डॉक्टरच्या देखरेखीखाली. पण महाराष्ट्रातल्या बऱ्याच दुकानदारांनी तपासणीच्या धास्तीने त्या गोळ्या ठेवणंच सोडलं. लिंगनिवडीच्या गुन्ह्याची भीती दाखवतात. नऊ आठवड्यांत सोनोग्राफीवर मुलगा की मुलगी दिसतच नाही, मग या गोळ्यांचा आणि लिंगनिवडीचा संबंध काय? तरी बाईला “नाही” म्हणून परत पाठवतात, आणि ती भलतीकडे जाते. तातडीच्या गर्भनिरोधक गोळीला तर २००५ पासून चिठ्ठीही लागत नाही. तीसुद्धा अविवाहित मुलीने मागितली तर, “घरी कोण कोण असतं?” असा प्रश्न येतो. काउंटरवर शिकलेली मुलगी उभी असेल तर ती हा प्रश्न विचारणार नाही, निदान आपण तिच्याशी बोललो असू तर.

म्हणून आम्ही गेल्या दोन वर्षांपासून एवढंच धरलंय: खोटी सही नको, खरे तास हवेत. ग्रामीण रुग्णालयं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं यांच्याकडे अर्ज करताना मुलीबरोबर आमच्यातली एक जण जाते. तिथल्या औषधनिर्माण अधिकाऱ्यावर आधीच कामाचा बोजा असतो, त्याला शिकाऊ मुलगी नको वाटत नाही. विचारायला कोणी जात नाही इतकंच. रोजची वही ठेवायला लावतो, किती तास, कोणतं काम, खाली सही. दुकानात ठेवायची असेल तर आधी दोन गोष्टी बघून येतो, फार्मासिस्ट खरंच बसतो का आणि संडास आहे का. एका दुकानदाराने दुसऱ्या प्रश्नावर आम्हाला हसून घालवलं. त्याच्याकडे मुलगी पाठवली नाही.

अडतं ते राहण्यावर. बसच्या वेळा आपल्या हातात नाहीत. त्याबद्दल आगारात निवेदनं देतोच आहोत, पण या पावसाळ्याला ती उपयोगी पडणार नाहीत. मुलगी तीन महिने भोर गावात किंवा नसरापुरात राहिली, तर रोज आठ तास होतात आणि साडेबासष्ट दिवसांत काम संपतं. घरचे ओळखीच्या बाईकडे ठेवायला तयार होतात, वसतिगृहाला होत नाहीत.

तर ज्यांच्याकडे एक कोपरा आणि दोन वेळची भाकरी निघू शकते, त्यांनी जेवणाच्या सुट्टीत मला नावं द्या. या वर्षी मुली पाच आहेत. घरं आतापर्यंत दोन मिळाली आहेत, दोन्ही भोरला. नसरापुरात अजून एकही नाही.